मोठ्या एसएसडीचा छापील वेग आणि टिकणारा वेग
इथल्या चर्चेत ४ टेराबाइटच्या एसएसडींची (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हची) तुलना केवळ खोक्यावर छापलेल्या वेगावरून झाली आहे, म्हणून थोडी भर घालतो. लेखनाचा तो वेग बहुधा कॅशेचा, म्हणजे आलेला डेटा आधी झटपट टिपून घेणाऱ्या तात्पुरत्या जागेचा असतो. मोठ्या क्षमतेच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा क्यूएलसी नावाच्या प्रकारची फ्लॅश (साठवणीची चिप) असते. तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या सर्वांत छोट्या कप्प्यात, ४ बिट साठवण्यासाठी विद्युतदाबाच्या १६ पातळ्या (सेलमध्ये ३ बिट ठेवणाऱ्या टीएलसी फ्लॅशमध्ये ८) अचूक राखाव्या लागतात, त्यामुळे लेखन मुळातच संथ होते. हे झाकण्यासाठी कंट्रोलर (ड्राइव्हचे कामकाज चालवणारी चिप) काही रिकाम्या सेलमध्ये तात्पुरता एकेकच बिट लिहितो, म्हणजे १ गिगाबाइटसाठी ४ गिगाबाइटची जागा अडते, आणि ड्राइव्ह भरत जाईल तसतशी ही कॅशे बहुतेक वेळा आक्रसते.

म्हणून कोऱ्या ड्राइव्हवरची चाचणी फारशी कामाची नाही. तो ७०-८० टक्के भरून, तितक्याच वेगवान दुसऱ्या ड्राइव्हवरून दोनेकशे गिगाबाइटची सलग फाइल कॉपी करावी आणि आलेखावर लक्ष ठेवावे: आधी सपाट रेषा, मग एकाएकी घसरण, आणि त्यानंतर टिकतो तोच खरा वेग. काही क्यूएलसी ड्राइव्हमध्ये तो साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

टीबीडब्ल्यूचा (ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील या मर्यादेचा) मात्र उगाच बाऊ केला जातो. ६०० टेराबाइटची मर्यादा रोज ५० गिगाबाइट लिहूनही ३२ वर्षे पुरते. गेम आणि छायाचित्रे साठवायची असतील तर क्यूएलसी खुशाल घ्यावी. व्हिडिओ संपादनासाठी टीएलसीच बरी.