कोल्हापुरातून हिमालयातल्या तलावाकडे: कमी गर्दीची वाट कुठली?

माई_गंगावेस
मी आणि धाकटी बहीण, दोघी पन्नाशीच्या आसपास. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो, एरवी रविवारी जोतिबाच्या पायऱ्या. आता हिमालयातला एखादा तलाव बघायचाच आहे. काश्मीरच्या विशनसर-गडसर-गंगाबल या तलावांच्या वाटेचे फोटो सगळे दाखवतात, पण तिथं तंबूंच्या रांगा लागतात म्हणे. शाळेला सुट्टी असते तेव्हाच जमेल, म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा. काय सुचवाल?

मसाई_पठार
माई, तुमच्या तारखांना काश्मीरची ती वाट बादच. खिंडीत तेव्हा बर्फ असतो, ती जुलै ते सप्टेंबरची वाट. तुम्ही उत्तराखंडातल्या रुईनसारा तालला जा. मी या तलावाच्या प्रेमातच आहे, त्यामुळं जरा जास्त बोलेन.

डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरी. गाडीत अख्खा दिवस जातो. वाटेत नैटवाडला वनखात्याची परवानगी घ्यायची, कारण पुढं सगळं गोविंद राष्ट्रीय उद्यान. सांकरीहून जीपनं तालुका, तिथून सुपिन नदीच्या काठानं चालत ओसला गावाकडं. त्याच्या पुढं वाट फुटते. बहुतेक लोक हर की दूनच्या दरीकडं जातात आणि तुम्ही रुईनसारा गाड या ओढ्याच्या काठानं वर जाता. गर्दी तिथंच मागं राहते. तलाव साधारण 3,500 मीटरवर, समोर स्वर्गारोहिणी आणि काळानाग ही शिखरं. पाणी गडसरसारखं निळंशार नाही, हिरवट आहे. मला तेच आवडतं.

खरी गोष्ट उंचीची. आपलं कोल्हापूर जेमतेम 550 मीटरवर. जोतिबा चढून पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय फक्त वर राहूनच होते. म्हणून सांकरीत एक मुक्काम जास्तीचा करा, आणि तलावाआधी देवसू थाचच्या कुरणावर एक रात्र थांबा. 3,000 मीटरनंतर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, हा नियम पाळा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. आराम करूनही वाढलं तर खाली उतरायचं, मग वाटाड्या काहीही म्हणो. आणि वाटाड्या गावातलाच घ्या.

औषधवाली_शाहूपुरी
डोंगरावर जाणारे येऊन डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी, मागतात, म्हणून लिहिते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बीपीची गोळी चालू असेल तर तीही. गोळी घेतली म्हणून भराभर चढायचं असं होत नाही.

माई_गंगावेस
बहिणीला बीपी आहे, उद्याच विचारते. मसाईदादा, तिथून पुढं बाली खिंड ओलांडून यमुनोत्रीला उतरता येतं असं वाचलं. तेवढ्यात तेही करावं का?

मसाई_पठार
नको. बाली खिंड 4,900 मीटरच्या आसपास, बर्फ आणि दोराचं काम. 2024 च्या जूनमध्ये सहस्र तालच्या वाटेवर हवा बिघडली आणि कर्नाटकातले नऊ जण दगावले. तोही उत्तराखंडातलाच तलाव, महिनाही तुमचाच. म्हणून राखीव दिवस ठेवा आणि तलावावरूनच परत फिरा.

दिल्लीतल्या निजामुद्दीनची गाडी कोल्हापुरातून आठवड्यातून एकदाच सुटते, तेव्हा आधी तिचं तिकीट काढा आणि मग बाकीचे दिवस बसवा. गूळ-शेंगदाणे भरपूर घ्या, वर जेवण नकोसं होतं तेव्हा तेवढंच पोटात जातं. आणि एक कळकळीची विनंती: तलावात साबण नको, भांडी नकोत. तंबू काठापासून लांब लावायला सांगा. काठालाच लावायचा आग्रह झाला तर ठाम नाही म्हणा.

माई_गंगावेस
म्हणेन. तिकीट बघते आता.