तीन हजारांच्या आतलं फिटनेस घड्याळ: कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

उपवन_फेरी (ठाणे)
घड्याळ वडिलांसाठी हवंय. वय ५८, बीपीची गोळी चालू. सकाळी उपवन तलावाभोवती चालणं, मग ठाणे-वाशी लोकल, आणि जून ते सप्टेंबर सगळं ओलंचिंब. खोक्यांवर यादी सगळीकडे तीच: ठोके, ऑक्सिजन, झोप, बीपी, शंभरावर खेळ, ब्लूटूथ कॉलिंग. यातलं रोजच्या वापरात टिकतं काय? सध्याच्या बँडवर रिक्षात बसल्या बसल्या पावलं वाढतात, अंतर फोनशी जुळत नाही आणि मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात. नवीन घेतलं तरी हेच होणार का?

ऐरोली_सर्किट
दादा, यादी बाजूला ठेवा. या किमतीत कामाचे सेन्सर दोनच: हालचाल टिपणारा अ‍ॅक्सिलरोमीटर आणि पाठीमागचा हिरवा दिवा. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, पण मोजणी चालू असताना लाल दिवा पेटलेला दिसायला हवा. तो न पेटता ९८ टक्के आलं तर त्या ९८ ला काही अर्थ नाही.

हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं-ओसरतं, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाश बदलतो, आणि घड्याळ तेवढंच मोजतं. त्यामुळे कातडी आणि काच यांच्यात फट राहिली की आकडा गेला. मनगटाच्या हाडावर बांधू नका. हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला. चालायला निघताना पट्टा एक भोक घट्ट, घरी आल्यावर सैल. हातात गंडा किंवा कडं असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात. दोऱ्यावर चढलेलं घड्याळ एका अंगाने उचललेलं राहतं आणि बाहेरचा उजेड आत शिरतो.

चालताना एक खास घोटाळा होतो. झपझप चालणाऱ्याची मिनिटाला ११०-१२० पावलं पडतात. सैल घड्याळ त्याच लयीत हलतं आणि सॉफ्टवेअर ती लयच ठोके म्हणून धरतं. पावलांचा दर आणि ठोके दोन्ही ११५ च्या आसपास चिकटून बसलेले दिसले की थांबा, मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. थांबल्यावर मोजताय म्हणून पाच-सात ठोके कमी भरतील, ते चालतं. वीस-तीसचा फरक आला तर घड्याळ पावलं मोजत होतं.

बीपीच्या गोळीचं नाव बघा. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल यांसारखी बीटा ब्लॉकर असेल तर ठोके मुळात फार चढतच नाहीत. घड्याळ मात्र २२० वजा वय, म्हणजे १६२, धरून झोन (व्यायामात ठोके किती असावेत त्याचे टप्पे) आखतं आणि वडिलांना ‘वेग वाढवा’ म्हणत राहतं. ते झोन बंद करा. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची खूण पुरते. डॉक्टरांनी मर्यादा दिली असेल तर तीच खरी.

घड्याळातल्या बीपीवर गोळी कमी-जास्त करायची नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घरात असू द्या. साखर मोजणारं घड्याळ कोणी दाखवलं तर दुकानातून बाहेर पडा. कातडीला सुई न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

घेण्याआधी घड्याळ गुंडाळलेल्या रुमालाला बांधून मोजणी लावा. ठोक्यांचा भलताच आकडा चांगल्या घड्याळातही कधी येतो, कारण रुमालावरूनही प्रकाश परत येतोच. पण रुमालाचं बीपी १२०/८० आलं तर काय ते समजून घ्या.

पामबीच_किलोमीटर (नेरुळ)
अंतराचं सांगतो. खोक्यावरचं ‘जीपीएस’ बहुतेक वेळा फोनचं उसनं असतं. फोनचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळात आउटडोअर वॉक लावा, दहा मिनिटं उघड्यावर चाला, मग ब्लूटूथ जोडा. अ‍ॅपमध्ये रस्ता उमटला तर जीपीएस घड्याळात आहे. नाही उमटला तर अंतर म्हणजे पावलं गुणिले पावलाची लांबी, आणि ती लांबी अ‍ॅपने उंचीवरून ठोकताळ्याने धरलेली असते.

ती स्वतः भरा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून नेहमीच्या चालीने दोन फेऱ्या, म्हणजे ८०० मीटर. पावलं ११५० पडली तर ८०० भागिले ११५०, साधारण ७० सेंटीमीटर. अ‍ॅपमध्ये ‘स्ट्राइड’चा (पावलाच्या लांबीचा) रकानाच नसेल तर उंची दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे करून जुळवा. जुगाड आहे, पण चालतो.

जीपीएस खरं असलं तरी जागेप्रमाणे बदलतं. पाम बीच रोडवर आकाश मोकळं, रेघ सरळ येते. टॉवरांच्या मधल्या गल्लीत सिग्नल भिंतींवरून उलटून येतो आणि येऊरच्या झाडीत तो अडतो, तिथे रेघ रस्ता सोडून पळते.

रिक्षातली पावलं पूर्ण बंद होणार नाहीत. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत हात ज्या तालात हलतो तो चालण्यासारखाच. चांगली घड्याळं सलग काही पावलं पडेपर्यंत मोजणी धरत नाहीत, त्यामुळे एखाददुसरा गचका गाळला जातो. पण त्याचमुळे स्वयंपाकघरातली चार-पाच पावलंही गळतात. उलटी चूक पावसात: छत्री धरलेला हात झुलत नाही, पावलं कमी पडतात. घड्याळ दुसऱ्या हाताला बांधा, झालं.

कॅलरीकडे बघूच नका. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या चाचणीत सात मनगटी यंत्रांपैकी सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर होते, पण कॅलरीत सगळ्यात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं.

कळवा_रिपेअर
खोक्यावरचं आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) म्हणजे पावसात घाला, साबणात नको. ती चाचणी स्वच्छ, साध्या पाण्यात होते. गरम पाणी आणि साबणाने कडेचं सील ढिलं पडतं.

पण पाण्यापेक्षा जास्त घड्याळं चार्जिंगच्या पिनांवर मरतात. घामाचं मीठ मागच्या दोन टिकल्यांवर साचतं, तसंच ओलं घड्याळ चार्जरवर लावलं की वीज त्या खाऱ्या ओलाव्यातून वाहते आणि टिकली हिरवी-काळी पडून झिजते. मग ग्राहक म्हणतो बॅटरी गेली. रोज घरी आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसा, मग कोरड्याने, आणि दहा मिनिटांनी चार्जिंग. काळी पडलीच तर मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब. ब्लेडने खरवडू नका, मुलामा जातो.

कॉलिंगवालं घेऊ नका असं माझं मत. माइक-स्पीकरची भोकं म्हणजे पाण्याला दोन वाटा जास्त, आणि लोकलमध्ये त्या स्पीकरचं ऐकू येत नाही ते वेगळंच.

ऐरोली_सर्किट
@कळवा_रिपेअर अर्धं पटलं. ज्येष्ठांना खिशातला फोन वाजलेला कळत नाही, तेव्हा मनगटावर उचलायची सोय कामाची. पावसाळ्यात स्पीकरमधून पाणी काढायचा पर्याय असलेलं मॉडेल बघा.

उपवन_फेरी
सगळ्यांचे आभार. मराठी मेसेजचं आणि बॅटरीचं राहिलं.

पामबीच_किलोमीटर (नेरुळ)
चौकोन म्हणजे घड्याळाच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) देवनागरी फॉन्ट नाही. फोनची भाषा बदलून काही होत नाही. कंपनीने अपडेट दिलं तरच. काही घड्याळांत अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. दुकानातच ‘स्टेशनवर पोहोचलो, रिक्षा मिळाली’ असा मेसेज पाठवून बघा.

मेसेज येतच नसतील तर दोष बहुधा फोनचा. घड्याळाच्या अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी द्या, बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरतं ‘निर्बंध नाहीत’ निवडा, ऑटोस्टार्ट चालू करा. नाहीतर फोन ते अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो.

बॅटरीसाठी कायम चालू राहणारा डिस्प्ले बंद, ठोक्यांची मोजणी दर १० मिनिटांनी, ऑक्सिजन फक्त हवा तेव्हा. गर्दीत हात हलला की स्क्रीन पेटते, म्हणून लोकलमध्ये ‘मनगट वळवून जागं करणं’ही बंद.

कळवा_रिपेअर
आणि चार्जिंगची जादा केबल घड्याळाबरोबरच घ्या, त्याच मॉडेलची. दोन पिनांमधलं अंतर मॉडेलगणिक वेगळं असतं, काहींत अधिक-उणेही उलटं. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.