मनीच्या हनुवटीवर काळे ठिपके, पुसून निघत नाहीयेत, काय असेल?

मनीची ताई, नाशिक:
नमस्कार मंडळी. आमची मनी साडेतीन वर्षांची, साधी गावठी मांजर, ऑपरेशन झालेलं आहे. पंधरा दिवसांपूर्वी मांडीवर झोपली होती, लाडाने मान वर केली तर हनुवटीखाली काळं काळं दिसलं, मला वाटलं चहा पावडर सांडली होती ती लागली असेल, पण ओल्या फडक्याने पुसलं तरी निघेना. आता खालच्या ओठाच्या कडेला दोन लाल फोड आलेत, एकावर खपली आहे. काल मी एक फोड दाबला आणि ती अशी ओरडली की मलाच रडू आलं. सासूबाई म्हणतात हळद आणि खोबरेल लाव, शेजारच्या वहिनी म्हणाल्या फरशीचं जंतुनाशक पाण्यात टाकून पूस, ते मी एकदा केलं पण. खाणंपिणं ठीक आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, खूप काळजी वाटतेय.

बोक्याचा बाबा, ठाणे:
ताई, सगळ्यात आधी ते जंतुनाशक बंद करा. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं ना, तसली औषधं मांजरांना विषारी असतात, त्यांच्या लिव्हरला ती झेपत नाहीत. आणि मांजराची जीभ हनुवटीला पोचत नाही, ती पंजाने हनुवटी पुसते आणि मग पंजा चाटते, म्हणजे लावाल ते पोटात जाणारच. टी ट्री ऑइल पण अजिबात नको, आपल्या पिंपल्सच्या ट्यूब पण नकोत.

आता ठिपक्यांचं. पिसवांची घाण आहे का ते बघायचं असेल तर बारीक फणीने थोडे कण ओल्या पांढऱ्या कापसावर पाडा. भोवती तांबूस रंग पसरला तर पिसवा, कारण ते पचलेलं रक्त असतं. काळंच राहिलं तर बहुतेक चिन ॲक्ने. तिथे तेलाच्या ग्रंथी भरपूर असतात, छिद्रं बुजली की ब्लॅकहेड होतात. फोड दाबू नका हो, आतल्या आत फुटून इन्फेक्शन पसरतं. आणि एक सांगा, मनी जेवते कशात?

मनीची ताई:
श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात 🙈 दोन वर्षं तोच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आता उजेडात धरून बघितला, आत नुसते ओरखडे आणि बोट फिरवलं तर घासूनसुद्धा बुळबुळीत लागतंय. कापसाचं पण करून बघितलं, काळंच राहिलं.

बोक्याचा बाबा, ठाणे:
मग तो डबा आजच काढा. ओरखड्यांत तेल आणि जंतू बसतात आणि प्रत्येक घासाला हनुवटी तिथेच टेकते. स्टीलची उथळ ताटली द्या, पाण्याला पण स्टील किंवा काचेचं भांडं, रोज साबणाने घासायचं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, त्यात कापूस भिजवून पिळायचा आणि हनुवटीला पाचेक मिनिटं नुसता धरून ठेवायचा, दिवसातून दोनदा. घासायचं नाही, नखाने खरवडायचं तर अजिबातच नाही. आमच्या बोक्याला याने फरक पडला पण तीन आठवडे लागले, आणि अधूनमधून परत येतं, तेव्हा भांडं बदललं की कायमचं गेलं असं समजू नका. तुमच्याकडे खपली आलीय, लाल आहे, तर डॉक्टरांना दाखवाच.

दोन मांजरांची आई, डोंबिवली:
दाखवाच याला माझं पण मत. मी आमच्या पिल्लाच्या वेळी ॲक्नेच समजून बसले आणि घरातली खाजेची ट्यूब लावली, त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. निघालं गजकर्ण! स्टेरॉइडने ते आणखी पसरलं, कानाच्या मागे रुपयाएवढं टक्कल पडलं आणि आठ दिवसांत माझ्या मुलीच्या मनगटावर गोल चट्टा उठला. मांजराचं गजकर्ण माणसाला होतं, ॲक्ने होत नाही. डॉक्टरांनी निळसर दिव्याखाली बघितलं, केस हिरवट चमकले. पण प्रत्येक वेळी चमकतंच असं नाही, म्हणून केस लॅबला पण पाठवले. पुढे दोन महिने औषध आणि रोज चादरी धुणं. मुंबईच्या बाजूला कोणी असेल तर परळचं पशुवैद्यकीय कॉलेजचं हॉस्पिटल आहे, जुनी माणसं बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, तिथे कुत्रीमांजरं पण बघतात.

मनीची ताई:
अपडेट देते. परवा घेऊन गेले. डॉक्टरांनी केस भादरून काचपट्टीवर नमुना घेतला, किडे किंवा बुरशी नाही, ॲक्नेच आहे पण मी दाबलेल्या फोडात पू झालाय. सात दिवस गोळ्या आणि पुसायला मांजरांसाठीचं क्लोरहेक्सिडिनचं पाणी दिलंय. मी जंतुनाशकाचं पण सांगून टाकलं, त्यांनी तोंड तपासलं, जिभेला काही झालेलं नाही म्हणाले, तेव्हा जिवात जीव आला. स्टीलच्या ताटलीचा आवाज होतो म्हणून पहिल्या दिवशी मनी लांबूनच बघत बसली, मग मी खाली फडकं घातलं तर आज सकाळी सगळं चाटूनपुसून खाल्लं. सासूबाईंनी श्रीखंडाचा डबा कढीपत्त्याच्या रोपाला घेतलाय.