समृद्धीवर १६० ने गाडी: चलान पुरे की गुन्हा पाहिजे?

जालनेकर
समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा. तरी जालना-संभाजीनगर पट्ट्यात १६०-१७० चा काटा दाखवत रील टाकणारे थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये कारला दंड १ ते २ हजार. यांचं ढाब्याचं बिल याहून मोठं! मर्यादेच्या ४० वर गेला की भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचा गुन्हा, लावा. ६ महिन्यांपर्यंत कैद आहे त्यात.

बीडचा_भरतीवाला
भाऊ, आमच्याकडं गावोगाव पोरं पोलीस भरतीची तयारी करायलीत. गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत निघतो, लपवला तर निवडच रद्द होऊ शकते. रिकाम्या रस्त्यावर एकदा गाडी दामटली म्हणून लेकराची नोकरी घालवायची? पैसेवाला तर वकील लावून सुटतोय.

काळा_कोट
दोघंही जरा थांबा. २८१ नुसत्या वेगावर टिकत नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात १९९८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, ‘हाय स्पीड’ एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. रस्ता कसा होता, रहदारी किती होती, हे सरकार पक्षानं दाखवायचं. नुसता कॅमेऱ्यातला आकडा कोर्टात लंगडा पडतो.
खरी गोची वेगळीच आहे. कलम जामीनपात्र, दंड जास्तीत जास्त हजार, म्हणून पोरं पहिल्याच तारखेला ‘कबूल’ म्हणून पैसे भरून घरी येतात. अरे बाबांनो, ती दोषसिद्धी असते, चलान नव्हे!

जालनेकर
म्हणजे कुणी मेल्यावरच कायदा जागा होणार? वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ ला फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गाडीखाली गेले. खालच्या कोर्टानं ६ महिने दिले, हायकोर्टानं सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं, आणि सुप्रीम कोर्टानं ती कायम केली २०१२ ला. आपल्याकडं ऊसतोडीच्या ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या चालतात, तिथं १४० नं कुणी आला तर?

काळा_कोट
ट्रॉलीवाली परिस्थिती असेल तर २८१ बिनधास्त लावा, तिथं टिकेल. मृत्यू झाला तर न्याय संहितेचं १०६(१), म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेतल्या ३०४-अ ला २ च होती.

गोदाकाठची_ताई
चालवणारा स्वतः गेला तर? २०२५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, स्वतःच्याच बेदरकारपणानं मेलेल्याच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. बायको-लेकरांनी काय खायचं? हे रीलवाल्यांना सांगा आधी.

बीडचा_भरतीवाला
ताई, पटलं. पण गुन्ह्याला माझा विरोध कायम. दुसऱ्यांदा सापडला की लायसन्स जप्तीची तरतूद १८३ मध्येच आहे, ती वापरा ना. सुरुवात पुढाऱ्यांच्या ताफ्यापासून करा, मग आमच्या पोरांकडं या.