मदत हवी आहे: पानथरी (प्लीहा) काढलेल्या भावाला गडचिरोलीत हिवतापापासून कसं जपायचं?

धाकटा भाऊ वनविभागात आहे, नेमणूक भामरागडला. दुचाकीच्या अपघातात पानथरी फुटली, मिरजेत ऑपरेशन करून काढावी लागली. जखम भरली आहे. न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल, हिब या लशीही झाल्या. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, बदली इतक्यात शक्य नाही.

पानथरी नसताना फाल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार फार वेगाने गंभीर होतो, धास्ती त्याचीच आहे. हिवताप होऊ नये म्हणून ६ आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला रोज डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, त्याहून जास्त राहायचं तर आठवड्याला एक मेफ्लोक्विन, असं सरकारी मार्गदर्शन आहे. पण त्याला लहानपणी फिट्स यायच्या, म्हणून मेफ्लोक्विन बाद. क्लोरोक्विनवर फाल्सिपेरमच्या बाबतीत विसंबता येत नाही. औषध लावलेली मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, ओडोमॉस हे सगळं करणारच. पण रात्रीच्या गस्तीत मच्छरदाणी कुठली! ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, हेही ठरलंय.

इथल्या डॉक्टरांना आणि तिकडे काम केलेल्यांना विचारायचंय: अशा रुग्णाला डॉक्सिसायक्लिन महिनोन्महिने सलग देतात का? दिवसभर उन्हात राहणाऱ्याच्या त्वचेला कितपत त्रास होतो? आणि ते जमणार नसेल, तर एटोवाक्वोन-प्रोग्वानिल हे दुसरं प्रतिबंधक औषध सांगली-मिरजेत कुठे मिळेल?