आजी नाळेला राख लावायची म्हणतेय. मदत हवी आहे

बाळंतपणाला माहेरी आलेय, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून बरंच आत. लेक आज ९ दिवसांची. दूध नीट ओढते, रात्रभर जागवते, तेवढं चालायचंच. प्रश्न नाळेचा आहे. आधी पांढुरकी, ओली होती, आता काळी पडून कडक झालीय. काल लंगोटाला रक्ताचा एक ठिपका दिसला आणि जरासा कुबट वासही येतोय.

सटी होऊन गेली तरी नाळ पडली नाही म्हणून आजी बेचैन आहे. गोवरीची राख खोबरेलात कालवून लाव म्हणते. "तुझ्या आयशीची चार दिवसांत पडली!" नवरा पणजीहून फोनवर सांगतो, स्पिरिटने पूस. इस्पितळातून सोडताना "काही लावू नका" एवढंच कानावर पडलं, पुढचं विचारायचं सुचलं नाही. त्यात हा पाऊस, लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. नक्की करायचं काय? आणि आजीला सांगायचं कसं?

*

निवृत्त नर्स: आधी हे सांग: बेंबीभोवतीची कातडी लाल, सुजलेली, गरम आहे का? पू येतो का? तिथे हात लागला की रडते का?

धागाकर्ती: नाही. कातडी साधी आहे. पू नाही.

निवृत्त नर्स: मग घाबरू नकोस. नाळ साधारण १ ते ३ आठवड्यांत आपसूक पडते, चार दिवस हा काही नियम नव्हे. सुटत आली की रक्ताचा ठिपका दिसतो, थोडा वासही येतो. तिला कोरडं राहू दे, तेच औषध. स्पिरिटही नको, त्याने उलट पडायला वेळ लागतो. राख तर मुळीच नको. माती, शेण, राख यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि नाळेची जागा म्हणजे उघडी जखमच. पूर्वी किती तान्ही मुलं त्याने जायची! आता गरोदरपणात आईला धनुर्वाताविरुद्ध टीटीचं, हल्ली टीडीचं इंजेक्शन देतात. सुरक्षित बाळंतपणं आणि ही इंजेक्शनं, यांमुळे २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. तू घेतलं होतंस ना? तरीही राख नको.

शी-शू लागलीच तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसून मऊ कापडाने टिपून घे. लंगोट बेंबीच्या खाली बांध. नाळ पडेपर्यंत टबात बुडवू नका, अंग पुसून काढा. लोंबकळताना दिसली तरी ओढायची नाही.

पण लाली पसरायला लागली, पू आला, दुर्गंधी सुटली, काखेतला ताप ९९.५ फॅरनहाइट किंवा वर गेला, अंग गार पडलं, बाळ मलूल झालं किंवा दूध ओढेनासं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन कर. रक्त ठिपक्यापुरतं न राहता वाहायला लागलं तर स्वच्छ कापडाने दाबून धर आणि तसंच इस्पितळ गाठ.

पेडण्याची आई: पावसाचं दुखणं मला ठाऊक आहे. मी लंगोट इस्त्री करून घ्यायचे, वीज असली तर. नाळ पडल्यावर आमच्या मुलाच्या बेंबीत गुलाबी, ओलसर मांसाचा मणी राहिला होता. मी रडारड केली. डॉक्टरांनी औषधाची कांडी टेकवली, मणी सुकून गेला. असं काही दिसलं तर दाखवून या, घरी काही घालू नका.

फोंडेकर: आजीशी वाद नको. तिला दुसरं काम द्या. माझ्या सासूबाईंना जुन्या सुती साडीचे लंगोट शिवायला बसवलं, राखेचा विषय पुन्हा निघाला नाही. तेलही बाळाच्या हातापायांना लावू दे की, बेंबी सोडून.

*

धागाकर्ती: कळवायचं राहून गेलं. १३व्या दिवशी लंगोट बदलताना नाळ हातातच आली. बेंबी कोरडी आहे. इंजेक्शन घेतलं होतं, कार्डावर नोंद सापडली. आजीने १४ लंगोट शिवलेत. नाळ तिने पोरसातल्या माडाखाली पुरली, भर पावसात, छत्री मी धरली. पण "राख लावली असती तर पाचव्याच दिवशी पडली असती," हे ती अजून शेजारणीला सांगतेय.