बडोद्याला बदली घेऊ की चाकणची नोकरी? सोमवारपर्यंत सांगायचंय

सातपुडा_पायथा: मदत हवी आहे, जरा लवकर. जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तीन अप्रेझल झाली, पद तेच. वरच्या साहेबांची बारा वर्षं बाकी आहेत आणि त्यांच्या-माझ्यात मधली जागाच नाही. मागच्या वर्षी पाइप काढणाऱ्या तिन्ही एक्स्ट्रूडर लाइनचं रिजेक्शन खाली आणलं, तर फळ्यावर नाव लागलं, बस. आता एचआर म्हणतं बडोद्याच्या प्लांटला जा, तिकडे वाव आहे. चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटरही हातात आहे, २८ टक्के जास्त. काय करू? अनुभव असलेल्यांनीच सांगा.

धुळेकर_दादा: २८ टक्के सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की हातात येणाऱ्या पगारावर? चाकणला भाडं किती, इकडे घर स्वतःचं का?

केळीबाग: भाऊ, मायबापले सोडीसन कोठे जाशी? मी पुण्यात नऊ वर्षं काढली, परत आलो, रावेरला बाग बघतो. ठिबक, टिश्यूकल्चर रोपं, नीट केलं तर नोकरीची गरज नाही.

धुळेकर_दादा: केळीबाग, त्याने शेतीचं विचारलंच नाही. एका वादळात उभी बाग आडवी होते, तेही सांगा ना.

केळीबाग: पीक विमा असतो.

मनमाड_जंक्शन: बदलीसोबत बढती लेखी दिली आहे का? मला २०१४ मध्ये असंच 'वाव आहे' सांगून दुसऱ्या प्लांटला पाठवलं. चार वर्षं त्याच ग्रेडमध्ये राहिलो. तिथल्यांना मी बाहेरचा, इथले मला विसरले. कागदावर नसेल तर ती बढती नाही, फक्त गाव बदलतं.

सातपुडा_पायथा: तोंडी सांगितलंय. २८ टक्के सीटीसीवरच आहेत. घर स्वतःचं, फैजपूरला. मिसेसची शाळा यावल तालुक्यात आहे म्हणून तिकडे राहतो.

पाटील_ताई: शाळा म्हणजे झेडपीची? अहो, हे आधी सांगायचं! झेडपीची नोकरी गुजरातमध्ये नेता येत नाही. पुणे जिल्ह्यात आंतरजिल्हा बदली मागता येते, पण नंबर लागायला वर्षं जातात आणि तिकडे ज्येष्ठता यादीत शेवटी बसावं लागतं. मी स्वतः त्यातून गेले आहे. त्यांना विचारलंत का?

सातपुडा_पायथा: ती म्हणते तुम्ही ठरवा.

पाटील_ताई: 'तुम्ही ठरवा' म्हणजे हो नव्हे. आज रात्री जेवणानंतर मुलं झोपली की दोघं बसा.

हिशेबनीस: सर्व्हिस किती झाली? कोणी विचारलंच नाही.

सातपुडा_पायथा: ४ वर्षं ७ महिने. नोटीस दोन महिने.

हिशेबनीस: मग ग्रॅच्युइटीचं (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) बघा. सलग ५ वर्षं लागतात. हिशेब: शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक २६ हजार धरला तर पाच वर्षांचे ७५ हजार. बडोद्याची बदली त्याच कंपनीत असेल तर सेवा सलग राहते. ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर असेल तर जुनी सेवा धरली जाईल असं लिहून घ्या.

मनमाड_जंक्शन: ४ वर्षं २४० दिवस झाले तरी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाने तसं धरलंय. नोटीस पुरी केली तर त्यात बसतोय हा.

हिशेबनीस: सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, भांडावं लागतं. त्यापेक्षा चाकणवाल्यांकडे जॉइनिंगची तारीख पुढे मागा. पीएफ मात्र काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा.

धुळेकर_दादा: ७५ हजारांसाठी ऑफर घालवू नको. भाडं वजा जाता काय उरतं ते बघ.

बामणोदची_वांगी: फैजपूरचे का? थंडीत या, भरीत पार्टी करू. पुण्यात भरताची ती चव नाही मिळायची.

सातपुडा_पायथा: मनमाड_जंक्शन, तुमचं वाचून एचआरला मेल टाकला. उत्तर दोन ओळींचं आलं: "सध्याच्या पदावर व श्रेणीत." लेटरहेडही दुसऱ्या कंपनीचं. साडेचार वर्षं या लोकांसाठी शिफ्टनंतरही थांबलो, वाचून पोटात खड्डा पडला.

रात्री दोघं बसलो. ती म्हणाली, बडोदा नको, चाकणला जा, मी मेपर्यंत शाळा सोडत नाही, बदलीचा अर्ज आपण भरू. आईच्या गुडघ्यांचं ती बघते म्हणाली. चाकणला जॉइनिंगसाठी तीन महिने मागितले, दोन मान्य केले.

आता एवढंच सांगा, शनिवारी घरी यायला पुण्याहून भुसावळला महाराष्ट्र एक्सप्रेसचं रिझर्वेशन मिळतं का, की अजिंठ्यावरून बसनेच यावं लागेल?

मनमाड_जंक्शन: आधीच काढून ठेवा. ऐनवेळी वेटिंगच मिळतं.